दादा ग्रुपमधून निघाला, म्हणून घाटनांदूर

नववीत शाळा सुटली तवापासून मी भावाच्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात बसते, बीडला. गिऱ्हाईकाशी भाऊ बोलतो. मी मान खाली घालून डिस्प्ले बसवते. मला बोलाया जमत न्हाई, लिहाया जमतं. तर एका रविवारी मी एकटीच घाटनांदूरला गेलते, त्याचं हे.

कारण आत्याचा पोरगा, सुमेधदादा. रशियात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला हाय. मागच्या महिन्यात तो घरच्या ग्रुपमधून निघून गेला, न सांगता. आमच्यात हे म्हंजे लग्नाच्या पंगतीत भरल्या ताटावरून उठणं. आत्याचे थोरले दीर, आमी त्यांना काका म्हणतो, ते म्हणले, "शिकला अन् शेफारला." ॲपवरून त्याला फोनबी लागंना. शेवटी आत्या म्हणली, "बोलवा त्याला माघारी. नको ती डॉक्टरकी."

मग मला दादाचा लांबलचक मेल आला. 'पिंके, इथं नेहमीच्या ॲपवरचे कॉल बंद केलेत. काका ग्रुपात युद्धाचे व्हिडिओ टाकतात. ते माझ्या फोनात कुणी बघितले तर लफडं होईल, म्हणून निघालो. आईला वाचता येत न्हाई. तू जा, तोंडानं सांग.'

तोंडानं. अन् मी.

सकाळी सातला अंबाजोगाईची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट, पण सुट्टे ठेवा, न्हाईतर कंडक्टर आधी आपल्याकडं बघतो अन् मग सगळी गाडी बघते. मांजरसुंब्यापर्यंत खिडकी सोडू नका, घाट लई झाक दिसतो. नेकनूरला एक आजी सीताफळाची पाटी घेऊन शेजारी बसली.

"कुठं चाललीस गं?"

मी नुसतं पुढं बोट केलं.

"मुकी हायस का?"

"न्हाई."

"मग खा." अर्धं सीताफळ हातावर ठेवलं. केज येईस्तोवर मी बिया मुठीत धरून बसले, थुंकायची लाज वाटत होती.

अंबाजोगाईला उतरून चहा अन् गरम भजे खा, मग घाटनांदूरची गाडी बघा. पाऊण तास धरून चला.

आत्यानं भाकरी अन् अंबाडीची भाजी केलती. काका आधीच येऊन बसलेले. मी रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरले.

"त्यानं धाडलं तुला?" आत्या म्हणली. "मग सांग, कावून उठून गेला?"

मी भाकरीकडं बघत बोलले. "आत्या, मागं बीडात नेट बंद झालतं. माझा कॉल आला न्हाई म्हणून तू रडत बसलतीस, अन् मी दुकानात खुशाल होते. तिथं तसं घडीघडी होतं. नेट गेलं की कार्ड चालत न्हाई, टॅक्सी मिळत न्हाई. लोक खिशात नोटा ठेवतात. कॉलेजनंबी सांगितलंय, वर्गाचा ग्रुप सरकारी ॲपवरच करा. त्यात कोण वाचतं, म्हाईत न्हाई."

"लोक गप बसतात?" आत्यानं विचारलं.

"दादाची घरमालकीण म्हातारी टीव्हीचं खरं मानते, नातू फोनचं. जेवताना रोज भांडण. अन् मग तीच नातवाला म्हणती, ती बंद केलेली साइट उघडून दे, मला लोणच्याचा व्हिडिओ बघायचाय."

आत्या हसली. "आपल्या घरावानीच हाय की."

"अन् काकांचे युद्धाचे व्हिडिओ कुणी त्याच्या फोनात बघितले तर लफडं, म्हणून निघाला," मी म्हणले.

काका म्हणले, "मी तर माहिती म्हणून टाकत होतो."

"काका, तुमी टाकता हितं अन् ती राहती त्याच्या फोनात."

काकांशी मी इतकं कधीच बोलले नव्हते. ते भाकरीचा तुकडा मोडत बसले.

आत्याकडं रविवारी सांजच्याला वंदना असती. दादा रशियाला गेल्यापासून ती फोन बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोला टेकवून ठेवायची, त्यात दादाचं तोंड दिसायचं. महिनाभर ती जागा रिकामी होती. मी परदेशी कॉलचं रिचार्ज मारलं, साधा कॉल लावला.

"तोंड दिसत न्हाई तर काय बोलू?" आत्या म्हणली.

"आई?"

महिनाभराचे प्रश्न होते आत्याकडं. पण तिनं फोन फोटोपुढं ठेवला, मेणबत्ती लावली अन् सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि." तिकडून दादा एक शब्द मागं येत होता. मग काका. मग मीबी, मोठ्यानं.

शेवटी तीनदा 'साधु' म्हणायचं असतं. दोन झाले अन् मिनिटं संपली. तिसरा आत्यानं फोनकडं बघून म्हणला.

दुसऱ्या दिवशी मी बीडला. येताना खिडकी मिळाली न्हाई. सीताफळवाली आजीबी दिसली न्हाई, दिसली असती तर मी आपणहून बोलले असते, असं वाटतं. दादाला माघारी बोलवायचं आत्यानं परत काढलं न्हाई. दर रविवारी तिचा फोन येतो, "मिनिटं टाकलीस का?"

ग्रुपात दादाचं नाव अजून न्हाई. मी काकांना फोन करून विचारलं, परत घ्यायचं का?

"नको," काका म्हणले. "ताट झाकून ठेवू."