परदेशातलं स्थळ

"स्थळ अगदी आपल्याला साजेसं आहे," सुमनताई मोहनदादांना सांगत होत्या. स्थळ म्हणजे अमेरिकेतला एक ट्रस्ट. या दोघांनी काढलेल्या आमच्या संस्थेला वस्त्यांवरच्या मुलांसाठी फिरत्या वाचनालयाची गाडी हवी होती, आणि ती पिवळी की निळी यावरून दोघांचा अबोला होऊन मिटलाही होता. गावातले एक कारखानदार जुना टेम्पो द्यायला तयार होते, पण आता त्यांना कोण विचारतो!

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. तिकडे ट्रस्टची प्राप्तिकराची विवरणपत्रं कुणालाही नेटवर वाचता येतात. वेबसाइटवर जगभरची हसरी मुलं होती. विवरणपत्रात मात्र देणग्यांच्या यादीत दरवर्षी तीच नावं: त्यांच्याच गावातलं इस्पितळ, चर्चचं गायनमंडळ आणि भटक्या मांजरांचा आश्रम.

वेबसाइट म्हणजे कांदेपोह्यांच्या दिवशीचा दिवाणखाना. विवरणपत्र म्हणजे तेच घर, पण पाहुणे येणार नसतानाचं, खुर्चीवर कपड्यांचा ढीग असलेलं. खरं तर मला ते घर आवडलं. मांजरांना जीव लावणारी माणसं वाईट नसावीत. फक्त विवरणपत्रातल्या एका चौकोनात त्यांनी खूण केली होती: आम्ही आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतो, अर्ज पाठवू नयेत.

हे कसं सांगावं, याचा मी सकाळपासून विचार करत होते. एवढ्यात ताईंनी कारखानदारांना नकार कळवायला फोन उचलला.

"ताई, थांबा," मी म्हणाले. "मुलाचं लग्न झालंय. मांजरांशी."