इंजिनाचे खांदे

"मॅडम, जरा बाहेर येऊन पाहा. आन मंग मले सांगा, याले सर्व्हिसिंग म्हंतेत काय?"

विलासने काउंटरवर हात आपटला तेव्हा समोर एक कुटुंब नव्या गाडीचे रंग निवडत बसलं होतं. ते रंग निवडायचं थांबून आमच्याकडे बघायला लागलं. मी उठले.

दारव्ह्याच्या एका दुचाकी शोरूममध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. म्हणजे ग्राहक आणि मेकॅनिक यांच्या मधे उभं राहायचं आणि दोन्हीकडची बोलणी खायची. गाडी घेताना तिची तक्रार ऐकायची, देताना काय केलं ते समजावून सांगायचं, आणि मधल्या वेळात "झाली का?" असे फोन घ्यायचे. सवय झाली की जमतं.

विलास बोरी अरबचा शेतकरी. तिशीतला, एरवी बोलायला गोड. त्याची गाडी आदल्या दिवशीच आमच्याकडून सर्व्हिसिंग करून, धुऊन गेली होती. आज तो वडिलांना मागे बसवून परत आला होता. वडील बाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांच्या डोळ्याचे थेंब आणायचे होते म्हणून सोबत आलेले. भांडणाशी त्यांचा काही संबंध दिसत नव्हता.

मी वाकून इंजिन बघितलं. वरच्या भागावर, पेट्रोलच्या टाकीखाली, तांबूस लाल पट्टे होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं की गंज चढलाय.

"देल्ली तवा अशी होती काय?" विलास म्हणाला. "काल घरी नेली, सकाई पाहतो तं हे. साबन लावून तारेच्या घासनीनं घासलं, तं अजूनच लाल झालं. ॲसिड मारलं तुमच्या मानसानं."

आता आमचे मालक बाहेर आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंना गाड्या विकता येतात, भांडण सोसत नाही. नव्या ग्राहकासमोर तर अजिबात नाही. ते थेट वॉशिंगच्या जागेकडे गेले आणि कोपऱ्यातली ॲसिडची बाटली उचलून घेऊन आले. बाटली अर्धी रिकामी होती.

"हे काय हाय सुधाकर?"

सुधाकर आमच्याकडे गाड्या धुतो. प्रेशरचा पंप, फोम, फडकी आणि रबरी बूट एवढंच त्याचं सामान. कामाला चोख, बोलायला कमी. त्याने बाटलीकडे बघितलं.

"संडास धुवाचं हाय ते, भाऊ. तुमीच आनाले लावलं."

"आन गाडीवर कायले मारलं?"

"नाही मारलं."

"मंग हे लाल कुठून आलं? आभायातून पडलं?"

सुधाकर फडक्याला हात पुसत राहिला. भाऊ माझ्याकडे वळले. "उद्यापासून याले येऊ नको म्हना. हिशेब करून द्या."

मला राग आला. सुधाकरची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. सुधाकर चुकला असता तर मीच त्याला सुनावलं असतं. राग आला तो घाईचा. कामाच्या ठिकाणी काही बिघडलं की आधी माणूस शोधतात आणि मग त्याच्या गळ्यात दोष अडकवतात. इथे तर सुधाकर नोकरीवरून जाणार होता आणि त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच होता, हे मला माहीत होतं.

"भाऊ, चहा होईस्तोवर थांबा," मी म्हटलं. "तेवढ्यात मी बघते. माझं चुकलं तर तुम्ही म्हणाल तसं."

भाऊ चहाला नाही म्हणत नाहीत. ते आत गेले.

थोडं समजावून सांगते. या गाडीचं इंजिन वरून चंदेरी दिसतं, पण तो नुसता धातू नसतो. आत ॲल्युमिनियम, त्यावर चंदेरी रंग आणि त्याच्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर. लॅकर म्हणजे धातूवर चढवलेलं काचेसारखं वार्निश. ते आहे तोवर पाऊस, चिखल, घाम काही आत जात नाही. ते गेलं की धातू उघडा पडतो.

आता पहिली गोष्ट. ॲल्युमिनियमला लाल गंज चढतच नाही. तो लोखंडाचा धर्म. ॲल्युमिनियमवर ॲसिड पडलं तर पांढरट, खडूसारखे डाग उमटतात आणि ते जन्मात जात नाहीत. इथे पांढरं कुठेच नव्हतं. म्हणजे त्या बाटलीचा यात हात नव्हता.

दुसरी गोष्ट. मी गाडीच्या पलीकडे गेले. तिथेही तसेच पट्टे. त्याच उंचीवर, जवळपास तेवढेच. अंगावर उडालेलं काही असं दोन्हीकडे मोजून मापून पडत नाही. ओघळ असते तर खाली उतरले असते. हे पट्टे आडवे होते, एका दिशेने फिरवलेले. कोणीतरी हाताने, सावकाश लावलं होतं.

तिसरी गोष्ट मला विलासच्याच बोलण्यातून मिळाली. साबण लावला आणि अजून लाल झालं. मी घरी कपडे धुते. भाचीच्या हळदीला माझी चांगली साडी खराब झाली होती. पिवळा डाग साबण लावताच लालभडक झाला, आणि मी घाबरून अजून साबण लावला. हे ज्याच्या घरात लग्न झालंय त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त इंजिनाकडे बघताना कोणाला आठवत नाही.

समोरच्या चहाच्या टपरीवरून लिंबाची फोड आणली. एका पट्ट्यावर एक थेंब पिळला. लाल रंग बघता बघता पिवळा झाला. मी तो लगेच पाण्याने पुसला, कारण लिंबूही शेवटी आंबटच, लॅकरवर ठेवायचं नाही.

"हयद?" विलास वाकून बघत म्हणाला. "माह्या गाडीवर हयद कुठून आली?"

"हळदच. ती कुठून आली, तेच मी तुम्हाला विचारते. दसरा तर अजून लांब आहे."

"कोनी नाही लावली. पोया होऊन आठ दिवस झाले, घरी पूजा नाही, काही नाही."

पोळा म्हटल्यावर मी सहज विचारलं, "पोळ्याला बैल सजवले का यंदा?"

"बैल कुठं आता? उन्हायात इकले. गाडीवरच सारं चालते. चारा नाही का गोठा नाही, कटकट गेली."

तेवढ्यात बाकावर हालचाल झाली. वडील उठून आमच्यापर्यंत आले होते. ते सुधाकरकडे बघत होते, विलासकडे नाही.

"त्या पोराले काढू नका, बाई," ते मला म्हणाले. "म्या लावली."

विलासने त्यांच्याकडे बघितलं. "काय लावलं तुमी, बावा?"

"खांदे शेकले."

ज्यांनी पोळा जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सुजतात, घट्टे पडतात. त्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी लावतात, पळसाच्या पानाने चोळतात. आणि त्यांना जेवणाचं आवतन, म्हणजे बोलावणं, देतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलांचा.

"गाडीचे खांदे?" विलास म्हणाला.

"मंग कोनाचे शेकू? खताची पोती तेच आनते, कापूस तेच नेते, मले दवाखान्यात तेच घेऊन येते. वझं वाह्यते त्याचे खांदे शेकाचे असतेत. तू घरी आला, आंग धुवाले गेला, तवा म्या लावलं. गरमच होतं, मले वाटलं बरं हाय, शेकाचंच तं हाय. पन खांदे कुठं ते समजे ना. टाकीच्या खाली उंच वाटलं, तिथं लावलं."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू हासला असता."

विलास खरंच हसला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने हळूच विचारलं, "आवतन देल्लं काय?"

"देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तसंच म्हनलं."

"आन घास?"

"लाइटीपुढं ठेवला. कुत्र्यानं नेला."

सुधाकर हसला. भाऊंनी काढायला सांगितल्यापासूनचा त्याचा पहिला आवाज. मग विलासही हसला, आणि सगळ्यात शेवटी म्हातारे.

आता उलगडा सरळ होता. गरम इंजिनावर तूप आणि हळद भाजली गेली आणि लॅकरला चिकटून बसली. वर आठवडाभराचा काळ्या मातीचा चिखल, म्हणून विलासला दिसली नाही. सुधाकरने फोम मारला, चिखल गेला. फोममध्ये साबणासारखा सोडा असतो, हळद लाल झाली; टाकीखाली असल्याने गाडी देताना कोणाच्या नजरेत आली नाही. तूप भाजून घट्ट बसलेलं, त्यामुळे तो सोडा नुसत्या पाण्याने निघाला नाही. घरी नेऊन विलासने साबण घासला, अजून लाल. ज्याने गाडी धुतली त्याच्यावर आळ आला.

भाऊ चहा संपवून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्यांकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि बाटली स्वतःच संडासात नेऊन ठेवली. माफी मागायची त्यांना सवय नाही. पण सुधाकरला "उद्या लवकर ये, डिलिव्हरी हाय" एवढं जाता जाता म्हणाले.

डाग काढायचं काम सुधाकरनेच केलं. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. मग मऊ ब्रशने डिझेल लावून तुपाचा थर सोडवला. घाई केली नाही, तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर नाहीच. मग साधं पाणी, सुती फडकं. शेवटी पिवळी झाक उरली, तिला औषध एकच, ऊन. हळद उन्हाला टिकत नाही. पण भादव्यात ऊन मागून मिळत नाही. मी विलासला सांगितलं, ऊन निघालं की गाडी अंगणात उभी करा, बाजू फिरवत जा.

काही दिवसांनी तो दाखवायला आला. पिवळं गेलं होतं. पण उजव्या बाजूला एक निस्तेज चट्टा उरला होता. तिथे तारेच्या घासणीने लॅकर खरवडलं गेलं होतं. म्हणजे गाडीचं कायमचं नुकसान ना हळदीने केलं, ना सुधाकरने. ते विलासने स्वतः केलं होतं. मी त्याला हीट-प्रूफ रंग मारून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये मी एक शिस्त लावली आहे. डाग दिसला की आधी तो कशाचा ते विचारायचं. कोणी पाडला, ते नंतर. आणि पोळ्यानंतर येणाऱ्या गाडीला फोम मारण्याआधी सुधाकर टाकीखाली बोट फिरवून बघतो.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी विलास वडिलांना घेऊन आला. गाडी धुवायची होती. म्हाताऱ्यांनी विचारलं, हळद चालत नाही तर काय लावू. मी सांगितलं, इंजिन थंड असताना खोबरेल तेलाचं बोट लावा आणि लगेच पुसून घ्या. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण ऐकलं. गाडी धुऊन झाली तेव्हा ते सुधाकरजवळ गेले. "मागच्या साली माह्यापाई तुह्यं काम जात होतं," ते म्हणाले. "उद्या जेवाले ये. घरच्याइले घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी वॉशिंगची जागा रिकामी बघून भाऊंनी मला विचारलं, "सुधाकर कुठं गेला?"

"बोरी अरबला. पोळ्याचं आवतन होतं त्याला."

"त्याले? कोनाचं?"

"ज्या डागापायी तुम्ही त्याला काढत होता, त्या डागाचं."

बाहेर जाऊन भाऊंनी स्वतःच पंप सुरू केला. एक गाडी धुवायची राहिली होती.