निडीचं नाव

नव्वदीच्या दशकात रोह्याच्या आमच्या इतिहास मंडळाचं व्याख्यान कुठल्याही किल्ल्यावर असो, शेवटी जवळच्या निडी गावचे एक शेतकरी काका उठायचेच. टोपी नीट करून, घसा खाकरून विचारायचे, "साहेब, आमच्या निडीचं नाव कुठं आलं नाय?" आम्ही पदाधिकारी माना खाली घालून हसायचो.

एकदाचं त्यांचं समाधान व्हावं म्हणून आम्ही निडीवरच व्याख्यान ठेवलं. काका घरच्या सगळ्यांना घेऊन पहिल्या रांगेत. पेणहून आलेल्या प्राध्यापकांनी सापडलं तेवढं सगळं सांगितलं. मागे चहाला उकळी येण्याआधीच ते खाली बसले.

सवयीनं सगळे काकांकडे वळले. काका उठले, टोपी नीट केली.

"साहेब, एवढंच हाय?"

आमच्या माना खालीच होत्या. हसत मात्र कोणी नव्हतं.