मले, तुले आणि पुण्याचे परीक्षक

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, साठीच्या दशकात कधीतरी, वक्तृत्व स्पर्धेत बोलताना माझा घसा सुकला आणि मागच्या रांगेतून आईनं विचारलं, "पाणी आणू का वं तुले?" सीताबर्डीवरचं ते अख्खं सभागृह खदखदून हसलं. ती बाई आपली कुणीच नाही असं दाखवत मी छताकडे पाहिलं. घरी आई भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापत होती.

पुढच्या वर्षी फळ्यावर विषय लागला, 'एकोणिसाव्या शतकातलं प्रबोधन वेगळं घडलं असतं तर'. बाकीचे समाजसुधारणेचं दळण दळत बसणार, हे ठरलेलं. मला आठवली आमच्या मराठीच्या सरांची लाल शाई. निबंधात एकदा चुकून 'मला'ऐवजी 'मले' लिहिलं, तर झुरळ सापडल्यासारखं त्यांनी त्याभोवती वर्तुळ काढलं होतं. याचा सूड घ्यायचाच होता. पण त्यासाठी आई समोर हवी होती.

"काहून येऊ मी? मांगच्या साली तुले माही लाज वाटली."

खरंच होतं ते. माफी मागण्याएवढा मोठेपणा तेव्हा माझ्यात नव्हता. "भाषण तुझ्यावरच आहे," एवढंच म्हटलं. आली.

मी सुरुवात केली. मराठीचा पहिला छापखाना आमच्या महाल वस्तीत आला असता तर? व्याकरण लिहिणारे पंडित आमच्या विहिरीवर वही घेऊन बसले असते. पुस्तकांत 'मले', नाटकांत 'मले', वर्तमानपत्रांत 'मले'. पुण्याचा एखादा गरीब विद्यार्थी निबंधात चुकून 'मला' लिहितो आणि मास्तर लाल शाई काढून विचारतात, "काहून गा, घरी असंच बोलतात काय?"

लोक पोट धरून हसले. पुण्याहून आलेले परीक्षकही तोंडाला रुमाल लावून हलत होते. आणि नेमका तेव्हाच घसा सुकला.

"पाणी आणू का वं तुले?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या, मग माझ्याकडे. मी माइक जवळ ओढला.

"आण वं माय. मले लय तहान लागली."

आई पाण्याचा गडवा घेऊन, पदर सावरत थेट मंचावर आली. टाळ्या थांबेचनात. मी घटाघटा पाणी प्यायले आणि उरलेलं भाषण तिच्याच बोलीत ठोकलं. इतकं मोकळं मी आयुष्यात बोलले नव्हते. आई खाली उतरायला तयारच नव्हती, रिकामा गडवा धरून तिथंच कडेला उभी राहिली.

पहिलं बक्षीस मलाच मिळालं. ढाल हातात देताना परीक्षक जरा अडखळत म्हणाले, "मले लय आवडलं गा."

आई दोन पावलं पुढे आली. "गा माणसाले म्हणतात, सर. पोरीले वं." मग त्यांचा चेहरा पाहून तिलाच दया आली असावी.

"जमन तुमाले," ती म्हणाली. "हळूहळू."