बाकावरचे सात जण

काल प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर सात जण मांडीवर फायली घेऊन बसले होते. तासिका तत्त्वावरच्या एका जागेची मुलाखत होती आणि ती घेणारा मी होतो. मला पाहताच सातही जण एकदम उठले. सगळे भौतिकशास्त्राचे एम.एस्सी., सगळे माझेच विद्यार्थी.

ते सगळे या बाकावर येऊन बसले, त्याचं कारण मी आहे. दर जूनला मी प्रवेशाच्या टेबलावर बसतो. मुलं कमी झाली की तास कमी होतात आणि तास कमी झाले की माझी खुर्ची हलते. म्हणून केमिस्ट्रीच्या रांगेतली मुलंसुद्धा मी गोड बोलून पळवायचो. "फिजिक्स घे, सगळी दारं उघडी!" हे माझं ठरलेलं वाक्य. या सातांतल्या माधुरीला मी असंच पळवलं होतं.

"सर, जागा किती?" तिनेच विचारलं.

"एकच."

"मग आळीपाळीने बसू की," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

आत पळावं म्हणून मी दार ढकललं. उघडेना. आणखी जोर लावला. जोर बिजागरीपासून लांब लावावा, हे मी याच दारावर वीस वर्षं शिकवत आलोय.

"सर, ओढा," माधुरी हळूच म्हणाली. "ते बाहेर उघडतं."

आत जाऊन पहिलं नाव पुकारायला यादी हातात घेतली. कागद थरथरत होता. मी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.