संघपालचं डोकं

उस्मानपुऱ्यातल्या संघपालला पायानं चेंडू कधी धड मारता आला नाही. पण हवेतून चेंडू येताना दिसला की तो उडून असं डोकं हाणायचा, की गोलकीपर जागेवर थिजायचा. त्या डोक्यावर वाळूजच्या एका कंपनीनं त्याला आपल्या टीमसाठी नोकरी दिली, आणि नोकरी बघून रत्नमालाच्या बापानं पोरगी दिली.

"तुमचं डोकं लई कामाचं," रत्नमाला म्हणायची. "आतून नाय, वरून."

साठीला टेकला तरी आमखास मैदानावर जुन्या खेळाडूंची मॅच असली की तो हजर. यंदा रत्नमालाही गेली. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. कॉर्नर आला, संघपाल उडाला, चेंडू थेट जाळीत. हात पसरून तो मैदानभर पळाला. गोल स्वतःच्याच टीमवर चढवला होता. लोक पोट धरून हसले, रत्नमाला सगळ्यांत जास्त. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. लोक कशाला हसतायत, हे त्याला खरंच कळत नव्हतं. परतताना त्यानं स्कूटर पडेगावच्या रस्त्याला घातली. तिथली भाड्याची खोली सोडून जमाना झाला होता.

तपासण्या झाल्या. "विसरण्याचा आजार सुरू झालाय," डॉक्टर करुणा म्हणाल्या. "वर्षानुवर्षं डोक्यानं चेंडू मारणाऱ्यांना त्याचा धोका जास्त दिसतो. पण यांना त्यामुळंच झाला, असं छातीठोक नाही सांगता येत."

"म्हंजी गोल पायानं मारायचे होते?" संघपालनं विचारलं.

"पायानं जमलं असतं तर डोकं कशाला घातलं असतं?" रत्नमाला म्हणाली. डॉक्टरांनाही हसू आवरेना.

बाहेर आल्यावर मात्र ती जिन्यात बसून रडली.

"कोण गेलं गं?" त्यानं हळूच विचारलं.

आता संध्याकाळी ती त्याला मैदानावर घेऊन जाते. तिथं राजेंद्र सर बारक्या पोरांना ओळीनं उभं करून डोक्यावर चेंडू टाकायचे. रत्नमालानं एकदा मधे जाऊन चेंडू काखेत मारला.

"मावशी, फुटबॉलला डोकं लागतंच," सर म्हणाले.

"व्हय ना. म्हणून तर म्हणते, पोरांचं शिल्लक राहू द्या."

सरांनी काही दिवस तोंड फुगवलं. मग पोरांना पायावर आणलं.

संघपाल कडेला बसून बघतो. स्कोअर विचारतो, पुन्हा विचारतो. दर वेळी रत्नमाला त्याच्या टीमला एक गोल वाढवून देते.

"एवढे?" परवा तो म्हणाला. "त्यांचा गोलकीपर येडा हाय का?"

"व्हय," ती म्हणाली. "लईच."