चाकाचा ताप

गाडी थांबली की तो उलटा हात पुढच्या चाकाच्या मधोमध टेकवायचा. आई लेकराच्या कपाळाला लावते तसा. मग वळसा घालून दुसऱ्या चाकाला. मध्येच आपण बोललो तर म्हणायचा, "थांब गा. चाकाले बोलू दे."

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. म्हणजे रोवलेल्या चार बल्ल्या आणि वर टिनाचे पत्रे. असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील.

मी कोल्हापूरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. मोहाडीच्या एका राइस मिलवाल्या शेठकडे ड्रायव्हर होतो. गाडी दोन मालक बघून आलेली. ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. एकदा बाजारात बांगड्यांच्या दुकानात शिरता शिरता राहिली. शेठ म्हणाले, "गाडी ठीक हाये. तुहा हातच वाकडा. सुधर, नाही तं आपल्या गावचा रस्ता धर."

गावी जाऊन तोंड काय दाखवणार? जेवण जाईना. दोन मिस्त्र्यांनी डाव्या चाकाचे ब्रेक उघडून साफ करून दिले. गाडी ओढायची ती ओढतच राहिली.

मग ह्याच्याकडे आलो. त्याने पुढच्या मडगार्डवर भार देऊन गाडी दाबली, सोडली. ती एकदा उठली आणि शांत बसली. "शॉकअप जिता हाये." जॅक लावून चाकं वर-खाली धरून हलवली. ढिली नव्हती. मग मला शेजारी बसवून हायवेवर ब्रेक मारत मारत एक चक्कर मारली, आणि उतरून उलटा हात.

मीही हात लावला. "डावं गरम आहे. म्हणजे तेच बिघडलंय."

"काहून? गरम हाये थे राबून राहिलं. उजवं पाह्य, थंडंगार. थे बसून राहिलं अन् बदनाम कोन, तं डावं." माझ्याकडे बघून हसला. "तुह्यावानी."

उजव्या चाकाचा ब्रेक गंजून आखडला होता, धरतच नव्हता. तो नीट केल्यावर त्याने शेठला बोलावून मागे बसवलं आणि मला म्हणाला, "आता स्टेअरिंग ढिलं सोड अन् मार ब्रेक." गाडी सरळ रेषेत थांबली. शेठ एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी भंडाऱ्याले जाऊ."

माझी नोकरी राहिली. पुढे काही वर्षांनी त्याला ताप धरला, उतरेना. शेठला विचारून मीच त्याला त्याच गाडीने भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. रस्त्यात म्हशी, सायकली, बैलबंड्या. सारखा ब्रेक. दवाखान्याच्या फाटकापाशी, सोबत आलेल्या आपल्या पोराच्या खांद्यावर हात टाकून तो उतरला, वाकला, आणि सवयीने उलटा हात चाकाला टेकवला. मग दुसऱ्याला.

"दोन्ही थंडी हायेत," तो घाबरून म्हणाला. "ब्रेक धरून नाही राहिले, भाऊ. वापस धीरे जाजो."

मी हात लावून पाहिला. दोन्ही चाकं गरम होती, सारखीच.

"हो मिस्त्री," मी म्हणालो. "हळू जातो."

तो आत गेला, तो परत शहापूरला आला नाही. मी त्या दिवशी मोहाडीपर्यंत हळूच गेलो.